गुंडू कुणाचा?

डोंगराखाली ओढा. ओढ्यावर ओंडका. ओंडक्यावरून चालली खवले मांजराची आई. अंगभर टणक खवले, जशी घरावर कौलंच कौलं! शेपटीवर बसलं तिचं पिल्लू. पिल्लाचं नाव गुंडू.

ओंडका हलला. गुंडू घसरला. धप्प! पडला अलीकडच्या काठावर. आई पोचली पलीकडे. आणि ओंडका? गेला वाहून. घळघळ, घळघळ!

"गुंडूऽऽ!" आई तिकडून हाका मारते.
"आईऽऽ! भूक!" गुंडू इकडून रडतो.
पाणी खोल. गुंडू एवढुस्सा. आता हो काय करायचं?

तेवढ्यात दिसली म्हैस. गुंडू निघाला. खुडुक खुडुक, खुडुक खुडुक.

"म्हशीकाकू, म्हशीकाकू, पाठीवर घे. आईकडे ने."

म्हशीने डोळे बारीक केले. "थांब, थांब! कोण रे तू? कुणाचा? अंगावर काय हे? खवले? खवले धामणीला असतात. पाण्यात माझ्या पायाला विळखा घातलास म्हणजे? धामण म्हणू दे, 'हा माझा नाही.' मग नेईन."

खुडुक खुडुक, खुडुक खुडुक.

"धामणआत्या, धामणआत्या,
म्हैस नेईना,
आईकडे जाऊ कसा?"

धामणीने जीभ काढली. सळसळ! "खवले आहेत खरे. पण अंग गरम कसं? मी उन्हात पडते, तेव्हा गरम होते. तू सावलीतसुद्धा गरम! काहीतरी गडबड आहे बाई. खवले माशालाही असतात. मासा म्हणू दे, 'हा माझा नाही.' मग मी म्हणेन."

खुडुक खुडुक, खुडुक खुडुक.

"मासेकाका, मासेकाका,
धामण म्हणेना,
म्हैस नेईना,
आईकडे जाऊ कसा?"

मासा वर आला. बुडबुड! "कल्ले दाखव. नाहीत? मग श्वास कशाने घेतोस? नाकाने? शी! आणि तोंडात काय लपवलंयस? जीभ? केवढी ही लांब! अशी जीभ बेडकाची. बेडूक म्हणू दे, 'हा माझा नाही.' मग मी म्हणेन."

खुडुक खुडुक, खुडुक खुडुक.

"बेडूकमामा, बेडूकमामा,
मासा म्हणेना,
धामण म्हणेना,
म्हैस नेईना,
आईकडे जाऊ कसा?"

"डराँव! जीभ लांब आहे. पण कातडी? माझी ओली, बुळबुळीत. तुझी कोरडी ठक्क! आ कर बघू. अरे, दात कुठे गेले? एकही नाही? दात साळुंकीला नसतात. साळुंकी म्हणू दे, 'हा माझा नाही.' मग मी म्हणेन."

खुडुक खुडुक, खुडुक खुडुक.

"साळुंकीताई, साळुंकीताई,
बेडूक म्हणेना,
मासा म्हणेना,
धामण म्हणेना,
म्हैस नेईना,
आईकडे जाऊ कसा?"

साळुंकीने मान तिरकी केली. "पिसं नाहीत. पंख नाहीत. चोच नाही. अंड्यातून आलास का? खरं सांग हं!"

ती आली जवळ. गुंडू घाबरला. गर्रकन गोळा झाला!

"अग्गोबाई! गोल झाला! असा गोल पैसाकिडा होतो. पैसाकिडा म्हणू दे, 'हा माझा नाही.' मग मी म्हणेन."

खुडुक खुडुक, खुडुक खुडुक.

पानाखाली होता पैसाकिडा. काळा, चकचकीत, पायच पाय!

"पैसेआजोबा, पैसेआजोबा,
साळुंकी म्हणेना,
बेडूक म्हणेना,
मासा म्हणेना,
धामण म्हणेना,
म्हैस नेईना,
आईकडे जाऊ कसा?"

पैसाकिड्याला वाटलं, हा मला खाणार. झाला गोल! गुंडूला वाटलं, हे मला चावणार. तोही गोल! एक मोठा गोळा. एक छोटा गोळा. कुणीच उघडेना.

हळूच छोटा गोळा उघडला. "खाणार नाहीस ना?"
मोठा गोळा उघडला. "नाही हो. मला आई हवी."

"हं. पाय किती? चारच? माझे मोजून संपत नाहीत!" पैसाकिडा गुंडूच्या पाठीवर चढला. सुरसुर, सुरसुर. "आणि आत कडक काय लागतंय? कणा? हाडं? माझ्यात एक हाड नाही, पोरा. हा माझा नाही!"

साळुंकी म्हणाली, "हा माझा नाही!"
बेडूक म्हणाला, "हा माझा नाही!"
मासा म्हणाला, "हा माझा नाही!"
धामण म्हणाली, "हा माझा नाही!"

म्हैस म्हणाली, "कुणाचाच नाही? मग आहे तरी कुणाचा? बस पाठीवर. बघतेच आता!"

डुबुक डुबुक, डुबुक डुबुक. आला पलीकडचा काठ. आली आई!

गुंडू शिरला आईच्या पोटाशी. चुटुक चुटुक, चुटुक चुटुक.

म्हैस जायचं सोडून वाकून बघते. "अगं बाई, हा तर दूध पितोय! आणि आईच्या पोटावर केस! माझं रेडकूही असंच पितं. मेला आमच्यातलाच निघाला की! मग आधी सांगायचंस नाही का रे?"

गुंडू काही बोललाच नाही.
तोंडात दूध होतं ना!