ओसाकातला बेचव आठवडा

“मग मले चवच काऊन लागून नाही राहिली, माताजी?”

शलाकानं हे तिसऱ्यांदा विचारलं.

चिएन माताजी भोपळा चिरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

माताजी मूळच्या जपानच्याच. पण तरुणपणी वर्ध्याला एका आश्रमात चौदा वर्षं राहिल्या आणि तिथली बोली घेऊन ओसाकाला परतल्या. आता या लहानशा मंदिरात त्या एकट्याच भिक्षुणी. मंदिरात पाहुण्यांसाठी एक खोली होती. तिथं सहा दिवसांपासून शलाका उतरलेली. संध्याकाळचं जेवण माताजी स्वतः रांधायच्या.

शलाका भुयार दर्यापूरची. मसाल्याच्या स्पर्धेत तिचे डोळे बांधले होते. एकवीस भाज्या तिनं नुसत्या चाखल्या आणि कशात काय काय पडलंय ते बिनचूक सांगितलं. बक्षीस मिळालं सात दिवस ओसाका, खाऊन पाहण्यासाठी. तिकीट एकटीचंच होतं. दोन वर्षांचा निशू सासूबाईंजवळ ठेवून ती आली.

“जीभच गेली वाटते माही,” शलाका म्हणाली. “सकाळी बाजारात ऑक्टोपसचे गरम गोळे खाल्ले. दुपारी ते कोबीचं जाड धिरडं. सगळं चोथा चावल्यासारखं. परवा घरी जाईन. बाया विचारतील, काय खाल्लं वो तिकडं? मी काय सांगू? माह्याजवळ दुसरं हायेच काय, जीभ सोडून?”

माताजींनी एका बरणीतून कसलासा लगदा काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

“सांग.”

शलाकानं चाटला. डोळे मिटले. पुन्हा चाटला.

“...शेंगदाणा?”

“तीळ.”

शलाकाचा हात तसाच पुढे राहिला. तीळ तर तिनं डोळे बांधून, नुसत्या वासानं ओळखले असते.

“बसून खाते का उभ्यानं?” माताजींनी विचारलं.

“बसूनच. पण...”

“पण काय?”

“फोन चालू असते. निशूचं पाहावं लागते ना. तो माह्या हाताशिवाय खात नाही कोणाच्याच. आजपर्यंत नाही खाल्लं.” हे सांगताना तिचा चेहरा जरा उजळला. “काल त्या नूडलवाल्या म्हाताऱ्यानं वाडगा माह्यापुढून दोनदा उचलून नेला. दोनदा गरम करून आणला. तिसऱ्यांदा नुसता पाहत बसला माह्याकडं.”

“आज फोन किती केले?”

“अकरा.”

“अन् खाल्लं किती ठिकाणी?”

“चार.”

माताजी हसल्या. मग भोपळा चुलीवर चढवला.

शलाका बसल्या जागी चुळबुळत होती. फोन मांडीवरून उचलून चटईवर ठेवला. चटईवरून परत मांडीवर. इथं साडेपाच, म्हणजे घरी दोन. निशूच्या जेवणाची वेळ. गॅसजवळ तर गेला नसेल? गरम वरणात हात तर नाही घातला? सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्याच्यामागं धावणार कोण?

“मी उद्याचंच विमान पाहते,” ती म्हणाली. “चव तर लागतच नाही. राहून करू काय?”

माताजींनी भोपळा उतरवला. त्यांनी पान मांडलं. भात, भोपळ्याच्या फोडी, टोफूचं पातळ कढण. शेजारी एक रिकामी ताटली.

“जेवायच्या आधी सात दाणे काढायचे असते आमच्यात,” माताजी म्हणाल्या. “रोज मी काढते. आज तू काढ.”

“कोणासाठी?”

“जे उपाशी हायेत अन् इथं नाहीत, त्यांच्यासाठी. मग पाखरं खातात.”

शलाकानं भाताचे दाणे काढले. मग भोपळ्याची एक मऊ फोड काढली. टोफूचा मधला तुकडा काढला. आणखी थोडा भात घेतला, तो बोटांनी बारीक कुस्करला, त्यावर चमचाभर कढण घातलं. ताटलीत ढीग झाला. तिच्या वाडग्यात तळाशी जेमतेम दोन घास राहिले.

“पाखरू मोठं दिसते,” माताजी म्हणाल्या.

शलाकानं ताटलीकडं पाहिलं. आपण काय करत होतो ते तिचं तिलाच आता दिसलं.

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई होत्या.

“शलाका, घाबरू नको वो. निशू जेवला.”

“किती?”

“वाटीभर वरण-भात. वरून आजोबाच्या ताटातली पोळी बी ओढली. आता झोपला पाहा, पसरून.”

“भरवला कोणी?”

“कोणीच नाही. त्यानंच घेतला हातानं. सांडला अर्धा, नाकाले बी लावला, पण पोटभर जेवला. रडलाबिडला काही नाही. तू निवांत फिर आता.”

फोन बंद झाला.

सहा दिवस ती याच बातमीची वाट पाहत होती. आता बातमी आली, आणि शलाकाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

“काऊन रडते?”

“तो जेवला.”

“मग चांगलं झालं ना.”

“माह्याशिवाय जेवला, माताजी.”

...

बाहेर पाखरं ओरडत होती. चुलीवर पाणी उकळत होतं, पण माताजी उठल्या नाहीत. त्यांनी ती भरलेली ताटली जवळ ओढली. काडीनं एकेक करून सात दाणे उचलले आणि खिडकीच्या कडेला ठेवले. मग ताटली शलाकापुढं सरकवली.

“हे कोणाचं?”

शलाकानं खोलीत पाहिलं. तिथं त्या दोघींशिवाय कोणी नव्हतं.

...

तिनं पदरानं डोळे पुसले आणि घास घेतला. गिळला. दुसरा घेतला, तोही गिळला. फोन चटईवर उजळला, विझला. तिनं हात लावला नाही.

तिसरा घास तोंडात तसाच राहिला. तिनं तो हळूहळू चावला. कपाळावर आठी पडली. भोपळ्याची फोड वेगळी खाऊन पाहिली. कढणाचा घोट घेतला. जिभेवर घोळवला.

“माताजी...”

“काय?”

“राग नका मानू.”

“बोल.”

“कशातच मीठ नाही.”

माताजी उठल्या. चुलीवरचं पाणी उतरवून त्यांनी चहा केला, तिच्यापुढं ठेवला, आणि मगच बोलल्या.

“पाच दिवस झाले, घातलंच नाही.”