भरल्या नळीचं वजन

डोंगराच्या कडंला एक गाव व्हतं. गावानं मिळून बाळंतिनींसाठी एक घर बांधलं. छपरावर टाकी ठेवली. तिचं पानी खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला न्यायचं व्हतं, म्हून तुळयांना नळी टांगायची ठरलं. पत्र्याची नळी, मांडीएवढी रुंद.

काम गावातल्या नळवाल्याकडं आलं. मानूस हाताचा चलाख, पन डोक्यात कायम रागाचा इस्तू पेटलेला. त्यात त्याची धाकटी बहीन पहिल्या बाळंतपनाला माहेरी आलेली, दिवस भरलेले. त्याला एका जागी बसवंना.

विजेच्या तारा टांगायला लोहारानं बारीक आकडे दिले व्हते. त्यातले उरलेले नळवाल्यानं उचलले.

लोहार म्हनला, "आरं, ते तारंचे आकडे! नळीला जाड पट्टी लागंल. दोन दिस दे, ठोकून देतो."

"दोन दिस? बहीन माझी थांबनार हाय व्हय?" नळवाला खेकसला. त्यानं नळी एका हातानं उचलली. "ही बघ, काय वजन हाय हिला?"

"रिकामी हाय म्हून. पानी भरल्यावर?"

"तू तुझी ऐरन सांभाळ. मला नळ शिकवू नगंस."

त्यानं नळी टांगली. सरळ राह्यली. खाली उतरला, परत शिडी चढला, आकडा हालवून बघितला. घट्ट व्हता. तरी रातच्याला भाकर अर्धी टाकून उठला. जावं का लोहाराकडं? दोनदा चप्पल घातली, दोनदा काढली. गेलं तर मान खाली घालावी लागंल. न्हाई गेला.

सकाळी बहिनीला कळा सुरू झाल्या. तिला त्या नव्या घरात खाटंवर निजवली. सुईन वरडली, "पानी सोड की रं, मुडद्या!"

त्यानं दाराजवळची चावी फिरवली. पानी गडगडत नळीत शिरलं. नळी भरली आन् मधीच वाकली, नेमकी खाटंवर. एक आकडा सरळ होऊन खाली पडला. मग दुसरा.

नळवाला धावला. पडती नळी त्यानं खांद्यावर झेलली.

"बहिनीला आधी काढा!" त्यानं हाक मारली.

"ती काय गाठोडं हाय, उचलायला?" सुईन वरडली. "खाट वढा गं!"

मदतीला आलेल्या बायांनी खाट वढत वसरीत नेली. आवाज ऐकून लोहार धावत आला, त्यानं चावी बंद केली, दुसऱ्या टोकाचा नळ उघडला. पन तेवढं पानी घटकाभरात थोडंच रिकामं हुतंय? नळवाला तसाच उभा. घामानं न्हालेला, वसरीकडं कान लावून.

वसरीत बाळ रडलं.

"घ्या! मामा झाला आन् खांबबी झाला," सुईन म्हनली. बाया हसल्या.

नळवाला मातुर हसला न्हाई. त्याचं डोळं भरलं व्हतं. लोहाराकडं बघून म्हनला, "दादा, पट्टी केवढी जाड लागंल?"

लोहार म्हनला, "मला कशाला इचारतोस? तुझ्या खांद्याला इचार."

नळवाल्याला पहिल्यांदाच राग आला न्हाई.

पट्ट्या तयार व्हायला दोन दिस लागले. तवर बाळंतिनीचं सगळं पानी त्यानंच घागरीनं वाह्यलं.

तात्पर्य, पोराहो: आधार निवडायचा तो भरल्यावर येनाऱ्या वजनाला बघून. आन् शहान्या मानसापुढं मान वाकली तर वाकू द्यावी, कुनाच्या जिवावर यन्यापरीस ते बरं.