पाहुणीचा गुलाब

बाळांनो, आणि बाळांना मांडीवर घेऊन बसलेल्या मोठ्यांनो, तुम्ही कधी स्वतःच्याच घरात वर्षभर पाहुणे म्हणून राहिला आहात का?

नाही ना? पण हौसा राहिली होती. फार फार जुनी गोष्ट आहे ही. ज्या डोंगराच्या पायथ्याशी ती घडली, त्या डोंगराला तेव्हा अजून कुणी नावही ठेवलं नव्हतं.

त्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथली माती काळीभोर, लोण्यासारखी मऊ. प्रत्येक घरापुढे मोठं अंगण आणि अंगणात फुलंच फुलं. लोक घरं ओळखायचे तीही फुलांवरून. "तगरीच्या घरी ताक मिळेल बघ," "अनंताच्या घरची म्हैस व्याली," असं बोलायचे. कारण त्या गावात एक रीत होती. लग्न होऊन येणारी सून माहेरच्या अंगणातली एक फांदी घेऊन यायची आणि सासरच्या दाराशी लावायची. अंगणातली झाडं मोजली की त्या घरात सुना किती आल्या आणि कुठकुठून आल्या, ते वाटसरूलाही कळायचं.

रीत मोठी गोड होती, पण तिला काटेही होते.

फांदीला पहिलं फूल येईपर्यंत सुनेला नावाने हाक मारायची नाही. तोवर ती 'पाहुणी'. फूल आलं की सासूने ते खुडून सुनेच्या केसांत माळायचं, आळीतल्या बायकांनी तिला कुंकू लावायचं आणि "घरची झाली गं, घरची झाली!" म्हणत गूळखोबरं वाटायचं. वर्षाच्या आत फूल आलं नाही, तर सुनेने माहेरी जाऊन दुसरी फांदी आणायची आणि पुन्हा एक वर्ष पाहुणी म्हणून काढायचं.

आणि सगळ्यात कडक नियम हा, की माहेरच्या फांदीला सासरचा हात लागू द्यायचा नाही. पाणी घालायचं ते सुनेने, खत घालायचं ते सुनेने. तिला कुणी सल्लाही द्यायचा नाही.

हौसा फाल्गुनात लग्न होऊन आली. तिचं माहेर नदीकाठचं, तिथली माती वाळूची. बापाने अंगणातल्या गुलाबी गुलाबाची एक फांदी कापून दिली होती. आईने तिच्या बुडाला ओल्या मातीचा गोळा लावून वर फडकं गुंडाळलं होतं. ते गाठोडं हौसाने वाटभर बाळासारखं मांडीवर घेतलं आणि सासरी पोचल्याबरोबर, हातातला हिरवा चुडा सावरत, फांदी दाराच्या उजव्या अंगाला लावून टाकली.

घर चांगलं होतं. सासूला सगळे आत्याबाई म्हणायचे. बोलायला कमी, पण हात मायेचा. नवरा हसरा. एकदा तो म्हणाला, "मी तर तुला आत्ताच घरची म्हणतो की."

हौसा म्हणाली, "तुमच्या म्हणण्याला विचारतंय कोण? फांदीने म्हणायला हवं."

फांदीला चैत्रात चार पालव्या फुटल्या. हौसा हरखली. माहेरी वाळूत पाणी टिकत नसे, म्हणून आई गुलाबाला दिवसातून तीनदा पाणी घालायची. हौसानेही तेच केलं. सकाळी तांब्याभर, दुपारी तांब्याभर, संध्याकाळी तांब्याभर. काळी माती ते सगळं पाणी पोटात धरून बसली. आत्याबाई ओट्यावर बसून हे बघायच्या, काहीतरी बोलायला तोंड उघडायच्या आणि पुन्हा मिटायच्या. नियम म्हणजे नियम.

पावसाळा संपता संपता पालव्या पिवळ्या पडून गळाल्या. मार्गशीर्ष उजाडला तेव्हा दाराशी नुसती एक काडी उरली होती.

शेजारच्या भागाबाईची सून हौसाच्याच मांडवात लग्न झालेली. तिने माहेराहून सदाफुली आणली होती. सदाफुली ती, दगडालाही फुलते. दोन महिन्यांतच ती घरची झाली. मग काय, भागाबाईची जीभ मोकाट सुटली.

एके दिवशी पाणवठ्यावर सगळ्या बायकांच्या देखत ती म्हणाली, "काय हो पाहुणीबाई, तुमच्या त्या काडीला काही येणार नसेल, तर मला द्या. आमच्या घोसाळीच्या वेलाला आधार हवाय."

बायका फिदीफिदी हसल्या. हौसाच्या कानशिलांतून वाफा निघाल्या आणि जे बोलायला नको तेच ती बोलून गेली.

"काडी नाही ती! कळी आलीय तिला. उद्या उमलेल!"

"अगं बाई! मग उद्या सकाळी येतोच आम्ही कुंकवाचे करंडे घेऊन," भागाबाई म्हणाली.

झालं! आता काय करायचं? घरी येऊन हौसा काडीपुढे बसली. काडी काही बोलेना. परसातल्या कुंपणाला रानगुलाबाची जाळी होती. कुणी लावलेली नाही, कुणी पाणी घातलेलं नाही, तरी बारीक पांढऱ्या फुलांनी डवरलेली. हौसाच्या मनात आलं, माझ्या माहेरचा गुलाब गुलाबी की पांढरा, हे इथे कुणाला ठाऊक आहे?

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिने रानगुलाबाचं एक फूल खुडलं आणि हिरव्या दोऱ्याने काडीच्या टोकाला बांधून टाकलं.

बायका आल्या. "अय्या, आलंय की खरंच!" म्हणाल्या. भागाबाईनेसुद्धा कुंकवाचा करंडा उघडला. मग रीतीप्रमाणे आत्याबाई फूल खुडायला खाली वाकल्या. त्यांची बोटं देठाशी गेली आणि थांबली. त्यांनी मान वर करून हौसाकडे पाहिलं.

आत्याबाईंनी अंगठ्याच्या नखाने दोरा तोडला, मुठीत दडवला आणि फूल हौसाच्या केसांत माळलं.

"घरची झाली गं, घरची झाली!" बायकांनी एकच गलका केला. कपाळभर कुंकू झालं, ओंजळभर गूळखोबरं झालं. सगळ्यांनी तिला पहिल्यांदा नावाने हाक मारली. हौसा, अगं हौसा! पण गंमत पाहा, ज्या हाकेसाठी ती इतके महिने झुरली, ती हाक तिला टोचायला लागली. फूल खोटं, तर हाकही खोटी. आता दाराशी खरं फूल आलं तरी ते कुणाला दाखवणार?

बायका गेल्यावर ती आत्याबाईंपुढे जाऊन उभी राहिली.

"आत्याबाई, तुम्ही दोरा पाहिलात."

"पाहिला."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? चारचौघींत तुझी मान खाली गेलेली मला बघवली नसती." आत्याबाईंनी मूठ उघडली. "पण गाठ काय मारली होतीस गं! फुलाचा नुसता गळा आवळला होतास."

हौसाला रडू आलं आणि हसूही. डोळे पुसून ती म्हणाली, "मला पाहुणीच म्हणा. मी आत्ता जाते आणि आळीतल्या सातही घरी खरं सांगून येते."

"लोक हसतील."

"हसू देत. मला घरची व्हायचंय. घरची झाल्याचं सोंग नाही आणायचं."

आणि खरंच गेली हो ती! दारोदार जाऊन म्हणाली, "फूल मी बांधलं होतं. माझं चुकलं. मी अजून पाहुणीच आहे." कुणी हसलं, कुणी नाक मुरडलं. भागाबाई म्हणाली, "धन्य तुझी! आणि तुझ्या सासूचीही. तिला दिसलं नाही होय?"

हौसा म्हणाली, "दिसलं. माझ्यासाठी पोटात घातलं. खोटेपणा माझा होता, माया त्यांची."

भागाबाई सूप उचलून धान्य पाखडायला लागली.

हौसा परत आली तर दाराशी आत्याबाई गुडघे टेकून बसलेल्या. त्यांनी पदर खोचला होता आणि तिची काडी मातीतून उपटून हातात घेतली होती!

"आत्याबाई, हे काय? सासरचा हात लागायचा नाही ना फांदीला?"

"नियम पाळत इतके महिने बघत बसले. तू पाण्यात बुडवून मारत होतीस आणि मी ओट्यावरून बघत होते. तू दोरा बांधलास, पण त्यातली अर्धी गाठ माझी आहे. ये इकडे. हे बघ, बूड कुजलंय. पण वर वीतभर अजून हिरवं आहे, आणि हा बघ, हा डोळा जिवंत आहे."

गव्हाच्या दाण्याएवढा तो कोंब हौसाने बोटाने चाचपला.

आत्याबाई तिला परसातल्या रानगुलाबापाशी घेऊन गेल्या. तिथला एक तजेलदार फुटवा मुळासकट खणून काढला, दाराशी आणला, मातीत दोन पाट्या वाळू मिसळून उंच वरंबा केला आणि त्यावर तो लावला. आठ दिवसांत तो रुजला, तोवर काडी ओल्या फडक्यात जपून ठेवली. मग त्यांनी धारदार सुरीने त्याच्या सालीला एक चीर दिली. काडीवरचा तो जिवंत डोळा सालीसकट अलगद सोलला, चिरेत सरकवला आणि म्हणाल्या, "आता बांधायला केळीच्या सोपटाची, म्हणजे खोडाच्या सालीची, ओली पट्टी हवी. केळ मात्र भागाबाईच्या परसात आहे."

हौसा गेली आणि सरळ मागितली. भागाबाईने डोळे बारीक केले. "कशाला हवी? पुन्हा फूल बांधायला?"

"नाही. या खेपेला डोळा बांधायचाय. या ना बघायला."

भागाबाई सोपट घेऊन स्वतःच आली. कंबरेवर हात ठेवून बघत उभी राहिली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "अशी सैल नाही बांधायची, इकडे आण." आणि पट्टी तिनेच बांधली.

पुढे रोज कुणी ना कुणी डोकावायला लागलं. रीतीने इतकी वर्षं सगळ्यांचे हात बांधून ठेवले होते. आता ते सुटले. कुणी चुलीतली राख आणली, कुणी कुजकं शेणखत. सदाफुलीवाली सून म्हणाली, "पाणी एकाआड एक दिवस घाल हं, मी ओल बघून सांगेन." पंधरा दिवसांनी पट्टी सोडली तर डोळा हिरवागार. मग आत्याबाईंनी रानगुलाबाचा वरचा शेंडा कापून टाकला. डोळ्यातून तांबूस कोंब निघाला, कोंबाला पानं आली आणि पानांमधून एके दिवशी खरीखुरी कळी निघाली. हौसाने आनंदाने अंगणातच गिरकी घेतली.

पण दिवस कुणासाठी थांबतात? फाल्गुन आला. वर्ष भरायला दहा दिवस उरले, मग चार, मग एक. कळी फुगली, टोकाशी गुलाबी झाली, पण उमलेना.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी सगळी आळी अंगणात जमली. सूर्य डोंगराआड जायला लागला. कळी मिटलेलीच. हौसाने सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आत जाऊन आपलं गाठोडं आणलं आणि म्हणाली, "रीत ती रीत. उद्या माहेरी जाते. दुसरी फांदी घेऊन येते."

तेवढ्यात काठी टेकत गावातली सगळ्यात थोरली आजी पुढे आली. तिचं वय तिलाही ठाऊक नव्हतं.

"थांब गं पोरी. मला नीट दिसत नाही, म्हणून विचारते. या झाडाचं मूळ कुणाचं?"

"आमच्या परसातलं," आत्याबाई म्हणाल्या.

"डोळा?"

"माझ्या माहेरचा," हौसा म्हणाली.

"बांधलं कुणी?"

"मी!" भागाबाई ठसक्यात म्हणाली. "आणि मी बांधलं म्हणूनच टिकलं."

"राख मी दिली." "शेणखत आमचं." "ओल मी बघायची."

आजी हसली. तोंडात एकच दात होता, तोही हसला. "सात घरचे हात लागलेत आणि तुम्ही एका कळीच्या तोंडाकडे बघत बसलात? ती आज बोलेल नाहीतर उद्या बोलेल. तुम्हाला तोंडं नाहीत?"

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. आणि मग पहिली हाक कुणी मारली असेल? भागाबाईने!

"ए हौसे! ठेव ते गाठोडं आत. घरच्या माणसाने दिवेलागणीला असं गाठोडं घेऊन दारात उभं राहायचं नसतं!"

मग काय विचारता! "घरची झाली गं, घरची झाली!" अंगणात हसण्याचा आणि ओरडण्याचा नुसता कल्लोळ झाला. आत्याबाईंनी हौसाला जवळ घेतलं. नवरा म्हणाला, "मी तर वर्षापूर्वीच म्हणालो होतो!" आणि सगळ्या बायकांनी त्याला गप्प केलं.

तेव्हापासून त्या गावाची रीत बदलली. सून फांदी घेऊन आली की आधी घरातलं प्रत्येक माणूस फांदीच्या आळ्यात एकेक मूठ माती घालतं, आणि तिला पहिल्या दिवसापासून नावानेच हाक मारतात.

म्हणून सांगते, नवं माणूस आपोआप रुजत नाही, त्याला सगळ्यांनी मिळून रुजवावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, हौसा गोठ्यात शेण काढत असताना, ती कळी उमलली.