पहाऱ्याची फांदी

"नजर तिचीच चांगली आहे हो, मी कुठे नाही म्हणते? पण सुनेला फांदीवर बसवलं, तर आपले मुलगे काय करतात, असं चार जण विचारतील."

हे सासूबाई बोलल्या, मामंजींशी, करवंदीच्या जाळीआड. जाळीच्या अलीकडे सून पाचोळा उलटत होती, हे दोघांनाही ठाऊक नव्हते. सुनेने ऐकले आणि पुढचे पान उलटले. पानाखाली काही नव्हते.

मुलांनो, ही गोष्ट सातभाई पक्ष्यांची आहे. मातकट रंगाचे, सदा कलकलाट करणारे हे पक्षी तुम्ही पाहिले असतील. एका पानगळीच्या जंगलात, नाल्याकाठी, त्यांचा एक थवा राहत असे. नाव सातभाई; त्यांत निम्म्या बहिणी होत्या, पण नाव ठेवताना कोणी तेवढे बघत बसले नव्हते. थव्याची रीत अशी : सगळ्यांनी खाली पाचोळ्यात किडे शोधायचे आणि एकाने ऐनाच्या झाडाच्या वाळक्या फांदीवर बसून पहारा करायचा. लहान पक्ष्यांवर झडप घालणारा शिक्रा दिसला, की पहारेकऱ्याने हाक द्यायची. हाक आली, की सगळ्यांनी करवंदीच्या काटेरी जाळीत शिरायचे. पहारेकऱ्याला चरायला खाली येता येत नाही, म्हणून सापडलेला पहिला नाकतोडा त्याचा. आणि फांदी नराची. का, ते कोणी विचारले नव्हते. विचारायला मान वर करावी लागते, आणि माद्यांना खाली काम फार.

आजवर पहाऱ्याला मामंजी बसत. पण त्यांना आता लांबचे दिसेना. एकदा पळसाच्या उडत्या पानाला शिक्रा समजून त्यांनी सगळ्यांना जाळीत पिटाळले. पुढच्या खेपेला शिक्र्याला पान समजले. तेव्हा फांदी कोणाला द्यायची, हा प्रश्न निघाला. सून नुकतीच लग्न होऊन नाल्यापलीकडच्या थव्यातून आली होती. तिच्या माहेरी माद्याही पाळीपाळीने पहाऱ्याला बसत, आणि इथेही दोनदा शिक्रा सगळ्यांच्या आधी तिनेच पाहिला होता. फांदी धाकट्या दिराला मिळाली. त्याची छाती रुंद होती, आवाज मोठा होता. नजरेचे पुढे बघू, असे ठरले.

"सूनबाई, तू फांदीच्या खालीच चरत जा," मामंजी म्हणाले. "काही दिसलं, तर भावजींना हळूच सांग. हाक ते देतील."

"आणि मीच दिली तर?"

"खालून येते ती हाक नसते, बाळ. ती नुसती ओरड. थव्याला काही शिस्त असते की नाही?"

मग तसेच चालू झाले. सून पाचोळा उलटता उलटता एक डोळा आभाळाकडे ठेवी. "भावजी, डावीकडे, सावरीच्या शेंड्यावर," असे हळूच सांगे. दीर छाती फुगवून गर्जे, थवा जाळीत शिरे, आणि शिक्रा निघून गेला की सगळे बाहेर येऊन म्हणत, "वा! काय नजर आहे!" नाकतोडा दिराकडे जाई. दिरालाही हळूहळू वाटू लागले, की नजर आपलीच आहे. रोज कोणी असे म्हणू लागले, तर तुम्हालाही वाटेल.

नवरा वाईट नव्हता. एका दुपारी शेजारी येऊन तो कुजबुजला, "तूच पाहिलंस. मला माहीत आहे ना."

"मग माहीत आहे ते जरा मोठ्याने बोला की."

"अगं, भाऊ आहे माझा. उगीच घरात कटकट कशाला?"

सुनेने मान हलवली. कानात सांगितलेल्या कौतुकाने चोच भरत नाही, हे तिला कळले होते. पण ते बोलून दाखवायलाही अंगात त्राण लागते.

पुढे बोरीवरच्या घरट्यात तिची तीन पिले जन्माला आली. सासूबाई सुटकेचा श्वास टाकून म्हणाल्या, "बरं झालं, फांदी हिला दिली नाही. आता हिचं लक्ष लागलं असतं का तिथे?" त्या हे म्हणत असतानाच सून एका पिलाला भरवत मागे न पाहता दिराला सांगत होती, "भावजी, उजवीकडे. पळसावर बसलाय."

एके दिवशी सकाळी सून चोचीत अळी धरून घरट्याकडे निघाली होती. वारा एकीकडे वाहत होता आणि पाचोळ्यावरून एक सावली उलट दिशेने सरकत आली. तिने वर पाहिले. दीर पंखात चोच खुपसून पिसे साफ करण्यात गुंग होता. हळूच सांगायला वेळ नव्हता. तिने अळी टाकली आणि जीव खाऊन ओरडली, "शिक्रा! जाळीत शिरा! शिक्रा!"

सगळ्यांनी ऐकले. आणि सगळ्यांनी, वर्षानुवर्षांच्या सवयीने, आधी फांदीकडे पाहिले.

"वरून तर काही आलं नाही," मामंजी म्हणाले.

त्यांचे वाक्य पुरे होईपर्यंत शिक्रा खाली आला होता. सासूबाई त्याच्या नखांत होत्या. सून सगळ्यांत जवळ. तिने सरळ त्याच्या डोळ्यावर चोच मारली. मग नवरा धावला, मग सगळा थवा कलकलाट करत शिक्र्यावर तुटून पडला, तेव्हा कुठे त्याने सासूबाईंना टाकले आणि तो निघून गेला. सासूबाई वाचल्या. पण त्यांचा डावा पंख लोंबू लागला.

दिवस कलताना थव्याची बैठक बसली. दीर म्हणाला, "वहिनी, आधी मला सांगायचं ना! रीत काय आहे आपली?"

मामंजी म्हणाले, "तसं म्हणत नाही मी. पण तू जरा नीट ओरडायला हवं होतंस."

जाळीतून सासूबाईंचा बारीक आवाज आला. "नीटच ओरडली ती. मी ऐकलं. आवाजही ओळखला. तरी वर पाहिलं." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "पाय हलेनात हो. फांदीने सांगितल्याशिवाय हलायचं नाही, जन्मभर एवढंच तर शिकले."

सगळ्यांची नजर पुन्हा फांदीकडे गेली.

शेवटी मामंजींनी घसा साफ केला. "उद्यापासून फांदी सूनबाईची!"

थव्यात आनंदीआनंद झाला. "आपला थवा बाकी सुधारलेला हं!" एक जण म्हणाला. "नाल्यापलीकडे कळवायला हवं," दुसरा म्हणाला. दीर थोडा हिरमुसला, तर त्याची समजूत काढायला तिघे धावले.

"तेवढं पिलांचं मात्र उजाडायच्या आत उरकत जा," मामंजी मोठ्या मायेने म्हणाले. "सासूला चारा आता तुलाच आणून द्यावा लागेल. दुपारचा पाचोळा तर आहेच. हे सगळं झालं, की बैस बापडी फांदीवर, हवा तितका वेळ. आम्ही कोणी अडवणार नाही."

"आणि मीही मदत करीन हं तिला!" नवरा म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे केवढ्या कौतुकाने पाहिले.

सुनेचे पाय दुखत होते. शिक्र्याचे नख तिच्याही पाठीला लागले होते. ते अजून कोणी पाहिले नव्हते. या थव्यात आल्यापासून ती विचारल्याशिवाय फारसे बोलली नव्हती, आणि बोलली तेव्हा हळूच. आता तिने एकेकाकडे नीट पाहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली :

"फांदीवर मी उजाडताच बसणार, मामंजी. सगळं उरकून नाही, सगळ्यांच्या आधी. अळ्या बोरीच्या बुंध्याशी मिळतात, पिलांना तुम्ही भरवा. सासूबाईंचा चारा भावजी आणतील. आणि अहो, तुम्ही मला मदत करू नका. तुमच्या वाटणीचं काम करा."

तात्पर्य : बाईला बरोबरीची जागा द्यायची असेल, तर तिच्या जुन्या कामांतही बरोबरीने वाटा उचलावा, नाहीतर तो मान नसतो, नुसते वाढीव काम असते.