दर मिनिटाला ताजा रिपोर्ट

सांगलीकडच्या एका दूध संघात जनरल मॅनेजर मानेपाटलांचा शब्द कोणी मोडत नसे. त्यांनी कॉम्प्युटरवर शेकडो रिपोर्ट तयार करून घेतले होते आणि प्रत्येक रिपोर्ट दर मिनिटाला ताजा व्हावा असा त्यांचा हुकूम होता. त्या ओझ्याने यंत्रणा रांगू लागली. टँकर कुठे पाठवायचा तेच वेळेवर कळेना आणि भर उन्हात दूध नासू लागलं.

यंत्रणा सांभाळणारी रेवती शिरगुप्पे धास्तावून म्हणाली, "साहेब, नको ते रिपोर्ट काढून टाकू या."

"मी एकूणएक रिपोर्ट वाचतो. एकालाही हात लावायचा नाही, आणि उद्या यंत्रणा पळाली नाही तर तू घरी बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवतीने घाबरतच विचारलं, "साहेब, रिपोर्ट ताजा झाला की तुमच्या मोबाइलवर मेसेज पाठवू?"

"हे आधीच सुचायला हवं होतं तुला," साहेब खूश होऊन म्हणाले.

दुपारी अध्यक्षांसमोर बैठक सुरू झाली आणि साहेबांचा मोबाइल वाजायचा थांबेना. थोड्या वेळाने तो तापून बंदच पडला. साहेब बैठकीत बसलेल्या रेवतीवर भडकले. "रेवती, हे बंद कर. यातलं काही मी वाचत नाही."

रेवतीने विचारलं, "काय बंद करू साहेब? मेसेज, की तुम्ही वाचत नाही ते रिपोर्ट?"

अध्यक्षच म्हणाले, "रिपोर्ट बंद करा. आणि यापुढे कोणता ठेवायचा ते रेवतीताई ठरवतील."

संध्याकाळी टँकर वेळेवर निघाले.