कैतानचं ओढलेलं मटण

वसईकडच्या एका गावात एक भोळा कैतान होता. भोळा म्हणजे केवढा? बायकोने ‘जरा विहिरीत डोकावून बघा’ म्हटलं, की संध्याकाळपर्यंत डोकावून उभा.

बायको फिलू मात्र लवंगी मिरची. तिचं आणि तिच्या भावाचं, बस्त्यावचं, बापाच्या फणसावरून वाजलं होतं. किती नाताळ आले नि गेले, भाऊ दारात आला नाही. हा बस्त्याव जहाजावर कामाला. तिथल्या अमेरिकन आचाऱ्याने त्याला एक चटक लावली होती. डुकराचा खांदा दिवसभर मंद विस्तवावर शिजवायचा, मग ओढून त्याचे धागे धागे करायचे, वर सिरका ओतायचा नि पावात घालून खायचा. यंदा त्याने बहिणीला निरोप धाडला, “रविवारी येतो. ते मटण केलंस तर जेवेन.”

फिलूचे डोळे भरले. पदराने पुसले आणि ती नवऱ्यावर ओरडली, “बसलाय काय? बाजारात जा!”

शनिवारी तिने खांद्याला मीठ, मिरची, गूळ चोळला. म्हणाली, “मी पाणी घेऊन येते. यावर मांजराची नजर पडता कामा नये.”

येऊन बघते तर मटण उघडं, आणि मांजराच्या डोळ्यांना फडकं. मांजराने नाकाने वाट काढलेली. एक कोपरा गायब.

“अहो, मांजराला काय बांधताय! राखायचं तर वर पाटा ठेवायचा!”

“असं होय. आता तसंच करीन.”

रविवारी पहाटे तिने मडकं चुलीवर चढवलं. “मी चर्चात मिस्साला जाते. निखारे नीट राखा.”

परतली तर मडकं जमिनीवर, निखाऱ्यांवर पाटा. चूल गार.

“अहो, विस्तवावर कुणी पाटा ठेवतं? फुंकर घालायची!”

“असं होय. आता तसंच करीन.”

चूल पुन्हा पेटली. भाऊ सुखरूप यावा म्हणून फिलूने क्रुसापुढे मेणबत्ती लावली. वाऱ्याने ज्योत हलली. कैतानने गाल फुगवून फुंकर घातली.

“मेल्या, मेणबत्तीला नाही! वारा असला की दार लावून घ्यायचं!”

“असं होय.” आणि त्याने दार लावून घेतलं.

दुपार कलली तशी फिलू पाव आणायला निघाली. “नीट ऐका. कुणी काही म्हणो, झाकण उघडायचं नाही, आतली वाफ जाते. मी आले की काटा टोचून बघू. काटा अडला तर कच्चं. शिजलेलं चिकटून बसलं तर दोन काटे घालून ओढायचं, सुटं होईपर्यंत. मग वर सिरका.”

कैतानने सगळं रोझरीसारखं घोकलं.

ती गेली तोच बस्त्याव आला. अंगात नवा पांढरा सदरा, मान ताठ. त्याने दार वाजवलं.

“भावोजी, उघडा.”

“उघडायचं नाही. आतली वाफ जाते.”

“कसली वाफ? मी बस्त्याव!”

“थांब हां.” कैतानने खिडकीच्या गजांतून हात काढला आणि मेहुण्याच्या दंडाला काटा टोचला. दंड जहाजावरचा. काटा अडला.

“कच्चा आहेस. तासभर उन्हात बस.”

“अपमान करायला बोलावलंत मला!” बस्त्याव पाय आपटत फिरला. फाटकात पावांची पिशवी घेऊन फिलू. घराकडे पाठ करून निघालेला भाऊ बघून तिने वाट अडवली.

“चाललास?”

“तुझ्या नवऱ्याने मला काटा टोचला! वर म्हणतो, कच्चा आहेस!”

फिलू बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं. “खोटं काय बोलले? एका फणसासाठी एवढं रुसणारा पिकलेला असतो का?”

बस्त्यावही फसकन हसला. हसता हसता रडला. बहीणभावाने भर अंगणात मिठी मारली ती काही सुटेना. पिशवी खाली पडली.

गलका ऐकून कैतान दार उघडून बाहेर आला. बघतो तर दोघं घट्ट चिकटलेली.

“शिजलं वाटतं,” तो म्हणाला.

आत जाऊन दोन काटे आणले. एक बायकोच्या पदरात रुतवला, एक मेहुण्याच्या नव्या सदऱ्यात, आणि जीव खाऊन ओढलं. टर्रकन सदऱ्याच्या चिंध्या! बहीण केळीच्या अळ्यात, भाऊ पायरीवर.

“सुटं झालं,” म्हणत कैतानने सिरक्याची अख्खी बाटली मेहुण्याच्या डोक्यावर उपडी केली.

बस्त्याव मात्र या खेपेला उठून गेला नाही. सिरका निथळत, पोट धरून हसत पायरीवरच बसला.

कैतानने बायकोकडे पाहिलं. “फिले, बघतेस काय? पाव आण.”