मखरात बसलेली ओळ

चिंचणगडाचा संगणक सकाळपासून मुजरा करत बसला होता आणि दुपारपासून त्यापायी सगळं राज्य ठप्प झालं होतं.

वेशीचा दरवाजा उघडायला सांगितलं, की पडद्यावर एक बुटका हुजऱ्या यायचा, कमरेत वाकायचा आणि वाकलेलाच राहायचा. कालव्याचं पाणी सोडायला गेलं तरी तेच. मुदपाकखान्यात आचाऱ्याने नुसती डाळ शिजायला लावली, तर तिथेही मुजरा. वेशीबाहेर एक वऱ्हाड खोळंबलं होतं आणि नवरदेव घोड्यावरच पेंगत होता.

त्याचं असं झालं. चिंचणगडाच्या संगणकप्रणालीचं नाव गावकी. शेजारच्या राज्यात प्रणाली विकत आणत. ती कुलूपबंद यायची आणि आत काय भरलंय ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नसायचं. गावकी मात्र सगळ्या गावाने मिळून लिहिलेली. कुणीही उघडून वाचावी, चूक दिसली तर सुधारावी, चार जणांनी बरं म्हटलं की ती सुधारणा सगळ्यांची. तांबटआळीतले अंतोबा गावकीची देखभाल करायचे आणि त्यांची मुलगी भिवरा अंतोबांच्या चुका काढायची.

काल गावकीची नवी आवृत्ती निघाली. राजे भूपाळराव नारळ फोडायला आले. फोडून गप्प बसले असते तर बरं झालं असतं, पण त्यांना हुरूप आला.

"गावकी सगळ्यांची ना? मग आमचीही एक ओळ हवी," असं म्हणून त्यांनी एका बोटाने टकटक करत लिहिलं: प्रत्येक कामाआधी यंत्राने आम्हांस मुजरा करावा आणि आम्ही मान हलवेपर्यंत थांबावे.

दरबाराने टाळ्या पिटल्या. भिवराने तोंड उघडलं होतं, पण अंतोबांनी तिच्या पायावर पाय दिला.

आज सकाळी महाराज कॅमेऱ्यासमोर बसले आणि मोठ्या हौसेने मान हलवू लागले. राज्यात कामं काय थोडी असतात? दुपारपर्यंत मान अशी अवघडली की खुंटीसारखी ताठ झाली. राजवैद्यांनी एरंडाची पानं बांधून वर जाड पट्टा आवळला. सेनापतींनी दोन्ही हातांनी ते डोकं जरासं वाकवून बघितलं, तेव्हा महाराज असे काही ओरडले की सेनापती थेट तबेल्यात जाऊन लपले.

"अंतोबा, तुमचं यंत्र बिघडलंय," महाराज जराही न हलता म्हणाले.

"बिघडलेलं नाही महाराज. ते आपली ओळ पाळतंय. तेवढी खोडली की..."

"आमचा शब्द खोडणार? दोष ओळीत नाही, यंत्रात आहे. ओळ आहे तिथेच राहील, अक्षर न् अक्षर. आणि हा मुजरा थांबला पाहिजे."

"मग जुनी आवृत्ती परत लावू का?"

"फोडलेला नारळ परत जोडता येतो का? संध्याकाळचा चौघडा वाजायच्या आत यंत्र सुरळीत झालं नाही, तर तुमची मिशी उतरवीन. फक्त डावी."

अंतोबांचा हात मिशीवर गेला. ती मिशी भिवरापेक्षा वयाने मोठी होती आणि घरात तिचा मानही मोठा होता. त्यांनी यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचं ठरवलं, तर बंद होण्याआधीही हुजऱ्या वाकला. अंतोबा डोकं धरून खाली बसले. भिवराला बापाची दया आली, राजाचा राग आला आणि अर्ध्या मिशीतले आबा डोळ्यांपुढे येऊन हसूही आलं.

"सरका आबा," ती म्हणाली. तिने महाराजांची ओळ उघडली, तिच्या अलीकडे एक बारीकशी खूण केली आणि बदल कायम करायचं बटण दाबलं. हुजऱ्या वाकला.

"झालं! आता याला मान कोण हलवणार?" अंतोबा कुजबुजले. वर नगारखान्यात चौघडेवाले चढत होते.

"बघू," म्हणत भिवराने पडदा महाराजांसमोर नेऊन ठेवला. "महाराज, आपली ओळ वाचावी. एक तरी अक्षर हललंय का?"

महाराजांनी नुसते डोळे फिरवले. "अक्षरं आहेत सगळी. पण पुढे ही जाळी कसली?"

ओळीच्या तोंडाशी दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघांची जाळी होती.

"ते मखर आहे महाराज. ज्या ओळीला हे मखर असतं, तिला यंत्र हात लावत नाही. समोरून निमूट पुढे जातं."

"म्हणजे आमची आज्ञा पाळणार नाही?"

अंतोबांनी डाव्या मिशीवर तळहात ठेवला.

"महाराज, आमच्या घरी गणपती बसतो," भिवरा म्हणाली. "मखरात बसवतो आम्ही. आल्यागेल्याला दिसतो, सगळे हात जोडतात. पण आई त्याला असं म्हणते का, की देवा, जरा चुलीपाशी या आणि प्रत्येक भाकरीला मान हलवून सांगा, उलटू का म्हणून?"

भिवराने पडदा महाराजांच्या आणखी जवळ सरकवला.

"आणि म्हटलंच, तर देवाचीसुद्धा मान अवघडेल. वर सोंडेचं वजन वेगळं!"

महाराजांच्या पोटात काहीतरी गदगदलं. मग पट्टा करकरला. मग "हा हा! आई गं! हा हा!" करत ते असे हसू लागले की डोकं आपोआप खालीवर, खालीवर होऊ लागलं.

पडद्यावरचा हुजऱ्या सरळ झाला, कमरेवर हात ठेवून त्याने पाठ ताणली आणि निघून गेला. महाराज जसजसे हसत राहिले, तसतशी अडलेली कामं एकेक करून सुटली. कालव्याला पाणी आलं, डाळीला कढ आला, वेशीचा दरवाजा उघडला आणि दचकून जागा झालेला नवरदेव घोड्यासकट आत आला. वर चौघडा वाजू लागला.

डोळे पुसता पुसता महाराज एकदम थांबले. "पोरी, तू आम्हाला मुद्दाम हसवलंस."

"काय करणार महाराज? आपण मान हलवल्याशिवाय काम करायचं नाही, अशी आपलीच आज्ञा होती."

यावर महाराज पुन्हा हसले, पुन्हा कळवळले आणि गळ्यातला मोत्यांचा कंठा काढायला गेले. तो पट्ट्याखाली अडकला होता. मग हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी भिवराला दिलं आणि अंतोबांना दोन्ही मिशांना पीळ भरायची परवानगी दिली.

"आणि हे बघ," ती निघाली तेव्हा ते मागून ओरडले, "उद्या आम्हाला आणखी एक ओळ सुचते आहे. तिचं मखर आधी तयार ठेव!"